निळी फीत आणि अमेदेओंचे दार

मित्रांनो, डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या पोटावर फितींच्या पाच जोड्या शिवल्या आहेत आणि रोज वीस मुले येऊन त्या ओढतात. गुदगुल्या झाल्या ना? मी एक जुनी लाकडी चौकट आहे. माझ्यावर दोन कापडी पदर ताणून बसवले आहेत, आणि ते मधोमध फितींनी बांधायचे असतात. डोंगरउतारावरच्या एका इटालियन गावात, बालवाडीच्या सर्वांत खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. तीस वर्षे गावातली मुले माझ्यावरच सुरगाठ शिकली. त्यांतला एक पुढे नगराध्यक्ष झाला. त्याच्या बुटांच्या नाड्या अजून बायकोच बांधते म्हणे. त्यात माझा दोष नाही; त्या वर्षी त्याला गोवर आला होता.

आमच्या रेनाताबाईंचा एक नियम होता. आधी सोडायला शिकायचे, मग बांधायला. "टोक धर, हळू ओढ," असे त्या शंभरदा सांगत. पाच वर्षांच्या तुल्लियाला हे मुळीच पटत नसे.

"बांधलेलं कशाला सोडायचं, बाई?" असे म्हणून ती थेट बांधायला बसे.

तिला घाईच होती. तिच्या आईला बाळ होणार होते. आमच्याकडे बाळ जन्मले, की घराच्या दारावर फितीचे मोठे फूल बांधतात. मुलगा झाला तर निळे, मुलगी झाली तर गुलाबी. ते फूल तुल्लियाला स्वतः बांधायचे होते.

आजी म्हणाली, "मी दुकानातून तयार आणून ठेवलंय. आई जिना चढेपर्यंत तुझं जमलं तर तुझं, नाही तर माझं."

मग बाईंनी सरावासाठी मला तिच्या घरी पाठवले.

शनिवारी सकाळी बाबा गाडी घेऊन आईला आणि नव्या भावाला दवाखान्यातून आणायला गेले. तुल्लिया निळी फीत घेऊन जिन्यात आली. मी तिच्या काखेत होते. त्यांच्या स्वतःच्या दाराची कडी उंच होती, समोरच्या दाराची मात्र अगदी तिच्या नाकासमोर. तिने सराव म्हणून तिथेच फूल बांधले. तेवढ्यात आजीने दूध प्यायला हाक मारली आणि फूल तिथेच राहिले.

समोर अमेदेओ राहत. निवृत्त पोस्टमन, वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलेले नाही. दहा मिनिटांत जिन्यात गर्दी जमली. वरच्या मजल्यावरच्या इनेसबाई तर केक घेऊनच उतरल्या.

"अभिनंदन, अमेदेओ! कुण्णाला पत्ता लागू दिला नाहीस!"

अमेदेओ अर्ध्या दाढीला साबण लावून दारात आले. "कशाचं अभिनंदन?"

"मुलगा झाला ना!"

"कुणाला?"

"तुला!"

"मला? मग मला कुणी काहीच कसं सांगितलं नाही?"

"ते माझं आहे!" तुल्लिया ओरडत आली आणि तिने फूल ओढले. टोक नव्हे, फास! सुरगाठीची निरगाठ झाली. पुन्हा ओढले, ती आणखी आवळली. आजी कात्री घेऊन आली.

"सरक, कापते."

"नको! आखूड झाली तर फूल कसं होईल?"

"माझं तयार आहेच की."

तुल्लियाचे डोळे भरून आले. ती मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. बाईंनी बांधून दिलेली माझी फीत तिने पहिल्यांदाच नीट पाहिली, टोक धरले आणि हळू ओढले. गाठ अलगद सुटली.

"अय्या! ही तर आपोआप सुटते!"

ती उठली. नखाने तिने निळी गाठ सैल केली, अडकलेला फास मागे ढकलला आणि टोक शोधून ओढले. फीत हातात आली, तेव्हा खाली गाडीचा हॉर्न वाजला.

मित्रांनो, एवढेच सांगते. गाठ बसली म्हणून लगेच कात्रीकडे धावू नका. आधी टोक शोधा. कापलेली फीत पुन्हा लांब होत नाही.

"केक मात्र मी परत देणार नाही," अमेदेओंनी जाहीर केले आणि तुल्लियाला चढायला स्टूल आणून दिले.

आई बाळाला घेऊन शेवटची पायरी चढली, तेव्हा दारावर निळे फूल होते. एक पाकळी उंदराच्या कानाएवढी, दुसरी गाढवाच्या.

"किती छान! कुणी गं बांधलं?"

"मी! आणि मला सोडतासुद्धा येतं!"

सगळ्यांच्या देखत तुल्लियाने टोक धरून ओढले. फीत सरकन खाली आली. मग तिने आईला उंबऱ्याबाहेरच थांबवले, स्टूल सरळ केले आणि पहिल्यापासून बांधायला घेतले.