बोडीतला सन

बोडीचं पाणी पुन्हा काळं पडलं होतं. त्याचा कुजका वास भोजराज पाटलाच्या ओसरीपर्यंत येत होता, आणि ओसरीवरची मंडळी नाकाला पदर-उपरणं लावून सरकारला शिव्या देत होती.

ही गोष्ट स्वराज्य यायच्या काही वर्षं आधीची, दवनीवाड्याकडच्या एका खेड्यातली. सगळं गाव त्या एका बोडीचं, म्हणजे लहानशा तळ्याचं, पाणी प्यायचं. दिवाळी झाली की सनाच्या, म्हणजे तागाच्या, पेंढ्या त्याच पाण्यात बुडवून ठेवत. साल कुजून सुटली की तिचे दोर वळत. पूर्वी घरच्या दोरापुरताच सन असे. पण गोंदियाचे व्यापारी तो विकत घेऊ लागले, पेरा वाढला, आणि बोडी पेंढ्यांनी भरून गेली. त्यात सगळ्यांत जास्त पेंढ्या भोजराजच्या! माणूस वाईट नव्हता. कोणाच्याही अडचणीला धावून जाई. पण त्याच्या अंगणात घरची विहीर होती, त्यामुळे बोडीच्या पाण्याची चव त्याला ठाऊकच नव्हती.

बोडीत मासे धरणारा केवळराम ढिवर हात जोडून म्हणाला, "पाटील, मासोळ्या मेल्या. माही लेक रुख्मा हगवणीनं निजून हाये. सन काढा ना जी."

"म्या एकट्यानं काढून का होते?" भोजराज म्हणाला. "सरकार शेतसारा घेते, तर विहीरबी त्यानंच द्यावी. उद्या साहेब येऊन रायले, त्याईलेच सांगतो."

दाराआडून त्याची बायको अनुसयाबाई बोलली, "अजी, घाण आपन करायची अन् धुवाले सरकारनं यावं, हा कोनता न्याय?"

"तू चूप राय वं!"

दुसऱ्या दिवशी तहसिलीतले साहेब आले. भोजराजनं गावाचं गाऱ्हाणं ठासून मांडलं. साहेबांनी "पाहू, पाहू" म्हटलं आणि पाणी मागितलं. अनुसयाबाईनं दोन लोटे आणले, एक साहेबांपुढे ठेवला, एक नवऱ्यापुढे. साहेबांनी लोटा उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला.

भोजराज संतापला. "विहिरीचं काऊन नाई आनलं?"

"विहीर आपली एकट्याची हाये. गाव हेच पिते, अन् त्यात सन आपलाच कुजते. तुमी गावाचे पाटील ना? प्या."

सगळे पाहत होते. भोजराजनं लोटा ओठांशी नेला. कुजका वास नाकात शिरला. हेच पाणी रुख्मा प्याली होती! आणि त्यात कुजत होता तो त्याचाच सन! लोटा त्यानं खाली ठेवला, पण मान काही वर करवेना.

साहेब हसून उठले. "म्हणजे दोष तुमचाच. सरकार काय करणार?"

"बसा साहेब," अनुसयाबाई म्हणाली. "तुमी बी सुटले नाई. बोडी आमी साफ करू, ते आमचं काम. पन उन्हाळ्यात बोडी आटते, अन् विहीर खनाले गेलं तर इथला खडक कुदळीनं फुटत नाई. त्याले सुरुंग लागते. ते काम सरकारचं."

साहेब पुन्हा बसले आणि त्यांनी वहीत विहिरीची नोंद केली.

त्याच दुपारी भोजराज कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि आपल्या पेंढ्या ओढून काढू लागला. आधी केवळराम मदतीला आला, मग एकेक करून सारा गाव. नाल्याकाठच्या आपल्या शेतात भोजराजनं सर्वांच्या सनासाठी वेगळा खड्डा खणून दिला. आणि बोडी निवळेपर्यंत घरची विहीर गावाला मोकळी केली, ढिवरांनाही, महारांनाही. भावकी कुरकुरली, "विहीर बाटते!"

"बाटवली ती बोडी, अन् ती म्याच बाटवली," तो म्हणाला.

रुख्मा हळूहळू बरी झाली. सरकारी विहिरीला मात्र दोन पावसाळे लागले. त्यासाठी भोजराजनं तहसिलीत किती खेटे घातले! पण आता तो साहेबांच्या नजरेला नजर देऊन बोलत असे.

बंधुभगिनींनो, सरकारकडे आपला हक्क मागायलाच हवा. तो सोडणं म्हणजे सरकारला झोपू देणं. पण ज्या पाण्यात आपणच घाण टाकतो, त्यातून ती काढायला सरकारची वाट पाहणं म्हणजे शेजाऱ्याच्या लेकरांना विष पाजत राहणं आहे. आपल्या वाट्याचं काम जो आधी करतो, त्याच्याच मागणीला धार येते.