दाराबाहेर राहिलेला बूट

संगणकाच्या खोलीबाहेर तुम्ही कधी चपला काढून ठेवल्यात का? अशाच एका दारापाशी अडलेला मी एक बूट बोलतोय.

चपला शिवणाऱ्या जोतीरामांनी मला कोल्हापुरात बनवलं. सबिनाच्या अब्बांनी तिच्या पायाचं माप कागदावर आखून आणलं होतं. पोलिओनं तिचा उजवा पाय लुळा पडला होता. माझ्या टाचेत दोन लोखंडी पट्ट्या बसवल्या, त्या पार तिच्या मांडीपर्यंत गेल्या. जोतीराम म्हणाले, "चाल बाय, आता थांबू नगंस."

१९९७ साली सबिना पेठ वडगावहून बसनं कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला येऊ लागली. त्याच वर्षी कॉलेजात आठ संगणक आले. यंत्रांचे नकाशे आता त्यांच्यावर काढायचे होते. खोलीत थंड हवा आणि दारावर पाटी : चपला-बूट बाहेर.

पहिल्याच दिवशी सबिना काही सांगू लागली, तर शिपाई केरबामामांनी पाटीकडं बोट दाखवलं. "धूळ गेली की मशीन मरतंय. नियम सगळ्यास्नी सारखा!"

मग ती बाहेर बाकावर बसायची. एका पुठ्ठ्यावर तिनं कीबोर्ड आखला होता. मैत्रीण अक्षता बाहेर येऊन सांगेल तसं ती पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. मला माझ्या तळव्याची लाज वाटायची.

परीक्षा उद्यावर आली. संगणकावर नकाशा काढता आला नाही तर वर्ष वाया. त्या दुपारी सबिनानं माझे पट्टे सोडले, मला चपलांच्या रांगेत ठेवलं आणि ती फरशीवरून सरकत आत निघाली.

केरबामामा धावले. "आगं, उठ की! काय करतीयास ह्ये?"

"बूट भाईर ठेवलाय की, मामा."

"म्हंजी त्यो काढला की तुला चालता येत न्हाय?"

"न्हाय. त्यो माझा पायच हाय. पहिल्या दिवशी त्येच सांगत हुते."

मामांनी मला उचलून तिच्यापाशी आणलं. "घाल. सरांस्नी मी सांगतो."

आता माझं कातडं तडकलंय, मी माळ्यावर असतो. सबिना एका कारखान्यात नकाशे काढते, तिचा नवा बूट हलका आहे. माझं एवढंच मागणं आहे, पाटी लावण्याआधी दारात कोण उभं आहे ते बघा.

त्या परीक्षेच्या दिवशी सकाळी केरबामामांनी दारात खाली बसून ओल्या फडक्यानं माझा तळवा पुसला आणि सबिना चालत आत जाऊन तीन नंबरच्या संगणकासमोर बसली.