भाऊजी पुलावर का थांबले

बसचालकाला त्याच्या वहिनीने जवळजवळ ओढतच तातडीच्या विभागात आणलं. दुपारी भर पुलावर त्याने प्रवाशांनी भरलेली बस थांबवली होती, आणि खाली उतरून कठड्याला टेकून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिला होता.

"चक्कर आली मॅडम. हवा खायला उतरलो," तो हसत म्हणाला. "आमच्या वहिनी म्हणजे राईचा पर्वत!"

"हसू नका हो भाऊजी," वहिनी म्हणाली.

मनोविकारांची डॉक्टर नवखी होती. माणूस धड बोलत होता, घरी जायची घाई करत होता. तरी तिचं मन मानेना. रुग्णाला घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं हे ठरवताना मदत व्हावी म्हणून विभागात कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसवला होता. तिने सगळी माहिती भरली. उत्तर आलं: जिवाला धोका मध्यम, अंदाजाची खात्री कमी.

"मग तुझा उपयोग काय!" ती पुटपुटली. खाली आणखी एक ओळ होती: रुग्णाशी एकांतात बोलणं झालं का?

झालं नव्हतं. तिने वहिनीला चहा घ्यायला पाठवलं. दार लागलं तसं चालकाचं हसू मावळलं.

"खरंच चक्कर आली होती?"

त्याने दार नीट लागलंय का ते पाहिलं. "गाडीत माणसं होती मॅडम. म्हणून थांबवली."

"आणि रिकामी असती तर?"

"तर ब्रेकवर पाय गेला नसता."

डॉक्टरने भरतीचा कागद पुढे ओढला. "आज तुम्हाला घरी सोडत नाही मी."

तो ताडकन उठला. खुर्ची कलंडली. "गोड बोलून काढून घेतलंत! गेली ना माझी नोकरी!"

दारात रखवालदार आला. तिने हातानेच त्याला थांबवलं. "गोड बोलले, कबूल. पण हे ऐकून कशी सोडू तुम्हाला?"

बराच वेळ येरझाऱ्या घालून तो खाली बसला. "झोपच लागत नाही हो," म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला.

वॉर्डात ती दिसली की तो भिंतीकडे तोंड करी. तिला जेवण गोड लागेना. ते ब्रेकचं नुसतं वैतागून बोलला असेल तर? आपण एका माणसाची भाकरी तर घालवली नाही?

बरा होऊन तो घरी गेला. डेपोने त्याला वर्कशॉपमध्ये काम दिलं. मग एकदा वहिनीचा फोन आला.

"जेवतात, झोपतात. पण तुमचा विषय निघाला की उठून जातात. अजून रागावलेत."

"रागावू देत," डॉक्टर म्हणाली. "गोळ्या घेतात ना वेळेवर?"