स्टाफ केसपेपर काढत नसतो

"बाई, गॅसची सुई मारून द्या ना एक. सकाळपासून छातीत नुसतं आगआग होऊन राह्यलं."

इंदूबाई वॉर्डातला झाडू हातात धरूनच उभी होती. दीपमाला सिस्टरने सलाईन लावता लावता मान वळवली. "रात्री काय खाल्लं?"

"थेच. डिलिव्हरीवाल्याईच्या जिलेब्या. नाही म्हटलं तं त्याईले वाईट वाटते."

"मले कायले सांगतं? मीबी त्याच खाल्ल्या. हात कर इकडे."

उभ्या उभ्या सुई झाली. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी, आणि बाळंतपणं काही थांबत नाहीत. तालुक्याच्या त्या दवाखान्यात स्टाफचं दुखणं असंच निपटायचं. केसपेपर काढावा पेशंटने, रांगेत बसावं पेशंटने. स्टाफने जाता-येता सांगायचं आणि जाता-येता गोळी तोंडात टाकायची. आपल्याच घरात शिरताना कोणी दार वाजवतं का?

त्याच सकाळी एका शेतमजुराची छाती जळजळत होती, तर दीपमालाने त्याला झोपवून ईसीजी काढला होता. निघाला गॅसच. इंदूबाईचा काढावा हे तिच्या डोक्यातही आलं नाही. मशीन शेजारच्या खोलीत होतं. पण इंदूबाई पेशंट थोडीच होती, ती इंदूबाई होती!

दुपारी ती चादरींच्या कपाटाशी जरा टेकली, ती उठलीच नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, अख्खा स्टाफ पांढऱ्या कपड्यांत गेला. बुद्धवंदना झाली. अधीक्षकसाहेबांनी "इंदूबाई म्हणजे आमच्या कुटुंबातल्या" असं भाषण ठोकलं. म्हणे कुटुंबातल्या! या कुटुंबात तिचं प्रेशर कोणी कधी मोजलं नव्हतं. निघताना इंदूबाईचा मुलगा नयन दीपमालाला दारापर्यंत सोडायला आला. आर्णीला मोबाईलचं दुकान चालवणारा शांत पोरगा.

"मावशी, एक विचारू? मायी माय जिंदगीभर दवाखान्यातच होती ना? मंग तिले तपासलं कोणी?"

तो भांडला असता तर परवडलं असतं. तो खरंच विचारत होता.

त्या दिवसापासून दीपमालाला स्वतःचीच धास्ती बसली. गावोगावच्या शिबिरांत बायांच्या कमरेला टेप लावून "घेर कमी करा, गोड सोडा, चालत जा" असं घसा कोरडा होईस्तोवर सांगणारी ही बाई. स्वतःच्या कमरेला तिने टेप कधी लावलीच नव्हती. एका संध्याकाळी ड्रेसिंगच्या खोलीला आतून कडी घालून तिने ती लावली. मग प्रेशर पाहिलं, बोट टोचून शुगर पाहिली. दुसऱ्या कोणा बाईचे हे आकडे असते तर दीपमालाने तिची चांगली खरडपट्टी काढली असती. घरी लेक सोनू बारावीला, नवरा गेलेला. उद्या आपण असंच एखाद्या कपाटाशी टेकलो तर ही पोर कोणाला जाऊन विचारेल?

तिने रजा टाकली आणि ती दवाखान्यातच आली.

"कोणाचा काढू बाई?" केसपेपरच्या खिडकीवरच्या रामलालने विचारलं.

"माया."

"मस्करी काहून करता सकाळी सकाळी?"

"रामलाल, काढ म्हटलं ना!"

रांगेत मैनाबाई नावाची म्हातारी गुडघे चोळत बसली होती. ती सरकली आणि हसली. "अवो बाई, तुम्हीच लाईनीत? मंग आमचं काही खरं नाही."

डॉक्टर अतुलनी दारातून पाहिलं. "सिस्टर, बाहेर काय बसलात? आत या. प्रेशर पाहतो, गोळी घेऊन मोकळ्या व्हा."

"उभ्या उभ्या नको, सर. इंदूबाईचं उभ्या उभ्याच झालं होतं. माझा नंबर आला की येते, नीट तपासा. ईसीजी काढा."

डॉक्टरांना ते झोंबलं. ते आत वळले. तेवढ्यात साधना, कंत्राटी सिस्टर, धावत आली. "बाई, चला लवकर! बाळाचं डोकं दिसून राह्यलं, मी एकटीच हाव!"

दीपमाला उठली. दोन पावलं टाकलीही. आजवर अशा हाकेला ती हातातला घास टाकून पळाली होती. मग तिने भिंत धरली.

"साधना, तुले येते. मी तुया हातून करून घेतलं ना? घाई नोको करजो, डोक्याले हाताचा आधार देजो. अडलं तं सरले हाक मार. मी आज पेशंट आहे."

साधनाने असं पाहिलं की जन्माची ओळख तुटावी, आणि परत पळाली. मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा, सरकारी नोकरीवाल्याईचे नखरे!" दीपमाला खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. नंबर सोडावा, पळत आत जावं, असं तिला दहादा वाटलं. आतून बाळ रडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. मैनाबाईने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

ईसीजीची पट्टी डॉक्टर अतुलनी पाहिली. परत पाहिली. सकाळचा राग त्यांच्या चेहऱ्यावरून पार उतरला.

"सिस्टर, हे कधीचं?"

"काय कधीचं?"

"अटॅक येऊन गेलाय तुम्हाला. आजचा नाही, जुना आहे. शुगर असली की कधी कधी छातीत दुखतसुद्धा नाही. आठवा बरं. दरदरून घाम, दम लागणं, उलटी?"

दीपमाला आठवू लागली. उन्हाळ्यात लसीकरणाला गेली असताना ओकली होती, सगळे म्हणाले ऊन लागलं. लागोपाठच्या ड्युटीनंतर जिन्यात बसून राहिली होती. एकदा घामाने ब्लाऊज पिळून काढावा लागला होता. यातला नेमका कोणता दिवस? प्रत्येक वेळी गॅसची गोळी घेतली होती आणि ड्युटी पुरी केली होती.

"आत्ताच यवतमाळला पाठवतो," डॉक्टर म्हणाले. मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांच्या तोंडून गेलंच, "पण तुमच्या ड्युटीचं काय करायचं हो?"

दीपमालाला शिवी द्यावीशी वाटली. दिली नाही.

गाडीत चढल्यावर ती सवयीने स्ट्रेचरशेजारच्या बाकड्यावर बसली. ड्रायव्हर रवी खाली मान घालून म्हणाला, "बाई, तिथं नाही. आज इथं झोपा."

ती आडवी झाली.

"सोबत कोण येऊन राह्यलं?" रवीने विचारलं.

डॉक्टरांसमोर रांग तशीच होती. साधनाच्या हातात नुकतं जन्मलेलं बाळ होतं. सोनू क्लासला गेलेली. याच गाडीतून दीपमालाने किती जणांना यवतमाळला नेलं होतं. "आलं बरं, आलं यवतमाळ," असं अर्ध्या वाटेपासूनच खोटं सांगत, अनोळखी माणसांचे हात धरून.

"कोणी नाही," ती म्हणाली. "चाल."

रवी थोडा वेळ फाटकाकडे पाहत थांबला. मग त्याने बाहेरून दार लावलं. गाडी हलली. दीपमालाने शेजारच्या रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं आणि आपल्याच मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला घेतली.