गिळलेला घोट

आमच्या कंपनीच्या तळघरात एक नियम आहे आणि तो कुठेही लिहून ठेवलेला नाही: जो घोट गिळतो, त्याचं मत धरायचं नाही. पोर्ट वाइन चाखणाऱ्याने ती तोंडात फिरवायची, थुंकायची आणि मग बोलायचं. घोट पोटात गेला की माणूस दयाळू होतो, असं बाबा म्हणत. त्यांनी तिथे जन्मभर चव घेतली. आता मी घेते.

थोरले काकाही तिथेच होते. एका हंगामाची वाइन फार दाट उतरली, तेव्हा मालकाने दोघा भावांना समोर बसवून विचारलं, हिला तिच्याच सालाच्या नावाने बाटलीत भरायची, की नेहमीसारखी इतर सालांत मिसळून टाकायची? सालाच्या नावाने भरायची तर ती चाळीस वर्षं टिकायला हवी. बाबा म्हणाले, भरा. काका म्हणाले, मिसळा, हिला कणा नाही, म्हातारपणी नुसती साखर उरेल. मालकाने धाकट्याचं ऐकलं. थोरल्याने त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण माझ्या लग्नात काका आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी असताना मागच्या रांगेत जाऊन बसले. दोघेही तितकेच हट्टी. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

त्या सालाची एक बाटली आमच्या जिन्याखाली आडवी पडून होती. वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा फटकारा, म्हणजे हलवावी लागलीच तर पुन्हा तशीच ठेवता यावी. चाळीस वर्षं भरल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणायची, आणि तिथली धूळसुद्धा पुसायला तिला परवानगी नव्हती. आई गेली, बाटली राहिली.

या हिवाळ्यात चाळीस वर्षं भरली. पण दोन वर्षांपूर्वीच्या तापात बाबांचं नाक गेलं. ज्या नाकावर अख्खी कंपनी चालली, त्याला आता दूध करपलं तरी कळत नाही. जिभेला गोड आणि खारट एवढंच उरलंय.

"तू सांग," बाबा म्हणाले. "मी चुकलो की दादा, एवढंच सांग. मग मी मोकळा."

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवली, गाळ खाली बसावा म्हणून. सकाळी अकराला, जेवणाआधी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उघडली. बुचाचा भुगा झाला, म्हणून फडक्यातून गाळून घेतली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. थुंकायला म्हणून त्यांनी स्वतः माझ्यापुढे पातेलं सरकवलं.

रंग विटकरी, कडेला अगदी पाणीदार. वास आधी भिजलेल्या मनुकांचा आणि लगेच बंद कपाटाचा. तोंडात गोडवा आला आणि त्याच्या मागून काहीच आलं नाही. मी वाट पाहिली. बिघडलेली असती तर बुचावर ढकलता आलं असतं, पण ती बिघडलेली नव्हती. ती मुळातच दुबळी होती आणि आता थकली होती. काकांचा शब्द न् शब्द खरा ठरला होता.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी मुलं बघतात तसे. मी घोट गिळला.

"छान झालीय, बाबा. अजून दहा वर्षं सहज काढली असती हिने."

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. ते कोरडं होतं.

"थुंकली नाहीस."

वीस वर्षं मी रोज सकाळी तीस-तीस पेले चाखते. एकदाही गिळलेलं नाही. चुकले तेही नेमकी कुणासमोर!

"वाया कशाला घालवायची, म्हणून..."

"पुन्हा घे."

मी पुन्हा घेतली. फिरवली, थुंकली. पातेल्याचा आवाज घरभर झाला.

"कणा नाही," मी म्हणाले. "साखर उरलीय."

मला स्वतःचा राग आला, त्या सालाचा आला, या नियमाचाही आला. बाबा मात्र रागावले नाहीत. टेबलावर सांडलेला बुचाचा भुगा बोटाने एका जागी गोळा करत राहिले.

"म्हणजे दादा तेव्हाही बरोबर होता," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याला फोन लाव. सांग, बाटली उघडलीय, संध्याकाळपर्यंत हिची चव उतरेल. लवकर ये म्हणावं."

काका तीनला आले. चौऱ्याऐंशीचं वय, हातात काठी, अंगातला कोटही काढला नाही. आले मिरवायला, असं माझ्या मनात आलंच.

"दादा, तू म्हणाला होतास तसंच झालं," बाबा म्हणाले. "चाख." आणि मी धुऊन पुसून ठेवलेलं पातेलं त्यांनी काकांपुढे सरकवलं.

काकांनी पेला खिडकीकडे धरला. बराच वेळ हुंगला. त्यांचं नाक अजून शाबूत आहे. घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले. त्यांना सगळं कळलंय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी काठीच्या मुठीने पातेलं बाजूला सारलं आणि घोट गिळला. दुसराही गिळला. पेला रिकामा केला.

"चांगली झालीय रे, धाकट्या."

बाबा त्या कोरड्या पातेल्याकडे बघत राहिले.

"तुझं मत मी धरत नाही, दादा."

"नको धरूस," काका म्हणाले, आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. "अजून ओत."