माझ्या तांबड्या रंगाची धास्ती

अहो थांबा, पळू नका! कालवड बोलायला लागली म्हणून काही जगाचा शेवट होत नाही. आमची मुक्ताबाई सांगते, पवित्र शास्त्रात एकदा एक गाढवीसुद्धा बोलली होती, आणि तीही मालकाची चूक दाखवायला. मी तर चांगल्या घरची कालवड. माझं नाव डाळिंबी. बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्त्याच्या कडेला एक लहानशी वस्ती लागते, तिथं संदेशच्या गोठ्यात मी जन्मले.

माझी आई काळी-पांढरी, भरपूर दुधाची. बाप मी पाहिलेला नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी गार टाकीतून बैलाच्या बीजाची एक कांडी काढली आणि आईला भरली, तोच माझा बाप. सगळ्यांना वाटलं होतं, वासरू आईसारखं बांडं होणार. निघाले मी! कानापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत तांबडीलाल. डॉक्टर म्हणाले, "निघतं असं एखादं, रक्तातच असतं." मुक्ताबाई माझं अंग पुसता पुसता म्हणाली, "ही तर डाळिंबावानी हाय!" आणि तेच नाव पडलं.

हे घर ख्रिस्ती. मुक्ताबाई म्हणजे संदेशची आई. सकाळी उठली की आधी प्रार्थना, मग शेणघाण. संदेश दुधाचा टेम्पो चालवतो. माळेगावच्या बाजूनं येताना आमच्यासाठी उसाचं वाढं घेऊन येतो. आणि संजीवनी, त्याची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी या घरात पाळणा हलला नव्हता, त्यामुळं तिनं सगळी माया माझ्यावर केली. बाटलीनं दूध पाजलं, गळ्यात घुंगरू बांधलं. मी चांगली थोराड झाले आणि तिला दिवस गेले. तिनं माझ्या मानेला मिठी मारून सांगितलं, "डाळिंबे, तुला भावंड येनार हाय." मी तिचा हात चाटला. एवढं सुख मी पुन्हा पाहिलं नाही, खरंच सांगते.

भीती आमच्या घरात मोबाईलमधून आली.

तिकडं इस्राएलात लढाई पेटली होती. संदेश टेम्पो लावून गोठ्याच्या कट्ट्यावर बसायचा आणि बघत राहायचा. आकाशातून आग पडतेय, इमारती कोसळतायत, आणि मधेच एक कोटवाला प्रचारक हात उंचावून ओरडतोय की सगळं भाकितांप्रमाणं घडतंय, दिवस भरत आले! मी आपली वाढं चघळत ऐकायचे. लांबची गोष्ट, मला काय त्याचं? मग एक दिवस तो म्हणाला, शेवट जवळ आला की तिथं मंदिर उभं राहणार, आणि त्याच्या शुद्धीसाठी एक तांबडी कालवड लागणार. अंगावर एक काळा केस नको, कसला डाग नको, मानेवर कधी जू ठेवलेलं नको.

संदेशनं मोबाईल खाली केला आणि माझ्याकडं पाहिलं.

ती नजर मी जन्मात विसरणार नाही. ज्यानं मला पाठीवर थाप मारून वाढवलं, तो माणूस दोन पावलं मागं सरकला. माझ्या हातून काय पाप घडलं होतं? कांडी डॉक्टरांची, रंग देवाचा.

त्या कालवडीचं पुढं काय करतात, तेही प्रचारकानं सांगितलं. कापतात आणि जाळून राख करतात! माझ्या तोंडातलं वाढं गळून पडलं. दावं तोडून पळावं म्हटलं, तर जाणार कुठं?

रविवारी घरात मंडळी जमायची. आबासाहेब नावाचे एक बंधू उपासना चालवायचे. माणूस साधा, प्रेमळ, पण भाकितांचा विषय निघाला की आवाज चढायचा. त्या रविवारी उपासना संपली आणि सगळी माणसं चष्मे लावून गोठ्यात शिरली. कुणी माझे कान उलटेपालटे केले, कुणी शेपटी उचलली. अहो, काही लाज? आबासाहेबांनी पोटाखाली वाकून पाहिलं आणि कंबर धरून उभे राहत म्हणाले, "एकबी काळा केस न्हाय. येळ आली, संदेशराव."

"आवो, इंदापूरची कालवड तिकडं कोन न्हेनार?" मुक्ताबाई म्हणाली. "इमानात माझ्या शेजारी बसवून?"

"देवाला काय अशक्य हाय, मावशी?"

"मला नगा सांगू. आकाशातनं ती स्कायलॅब पडून समदं खलास हुनार, म्हून आमी घरच्या समद्या कोंबड्या कापून खाल्ल्या व्हत्या. दुसऱ्या दिशी जग हुतं तितंच, अंडी तेवढी गेली. प्रभू यायचा तवा येईल. घरचाच हाय तो, त्याला काय भ्यायचं?"

दोघं-तिघं हसले. संदेश हसला नाही. संजीवनी दाराला टेकून उभी होती, हात पोटावर. तिनं हळूच विचारलं, "मंग ज्येंच्या पोटात लेकरू हाय, त्येंचं काय वो?"

आबासाहेबांनी मान खाली घातली. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवसांत गरोदर बायांचे आणि अंगावर पाजणाऱ्यांचे फार हाल होतील, शास्त्रात तसंच सांगितलंय, एवढं बोलले आणि चपला घालून निघून गेले. अहो, निदान "घाबरू नगंस पोरी" एवढं तरी म्हणायचं!

तेव्हापासून संजीवनीचं अन्न तुटलं. ताटावर बसायची, घास उचलायची आणि तशीच बसून राहायची. मला वैरण टाकताना पुटपुटायची, "कशाला वाढवू गं त्याला? हाल करायला?" संदेशनं घरात उपास-प्रार्थना सुरू केली होती, त्यामुळं तिचं न जेवणं त्याच्या ध्यानातच येईना. मुक्ताबाई तेवढी ताट घेऊन तिच्या मागं मागं फिरायची आणि ते ताट तसंच परत न्यायची.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघा नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "बाळाची वाढ थांबत आलीय. ही जेवली नाही तर बाळ हाती लागणार नाही." संदेश घरी आला, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता तरी बायकोजवळ बसेल. कुठलं काय! कट्ट्यावर बसून त्यानं पुन्हा मोबाईल उघडला. माणूस ज्याला भ्यालेला असतो तेच पुन्हा पुन्हा बघतो, ही खोड मला आजवर कळलेली नाही. आम्ही जनावरं भ्यालो तर सरळ पळतो.

इकडं संजीवनी रोज माझ्या अंगात काळा केस शोधायला लागली. एक जरी सापडला, तर मी ती कालवड नव्हे. मी ती नव्हे म्हणजे दिवस भरलेले नाहीत, आणि दिवस भरले नाहीत तर तिच्या बाळाला जगायला जग शिल्लक आहे. असं तिचं म्हणणं. बोटांनी माझे केस विंचरत बसायची बिचारी. एका दुपारी ती केवढ्यानं ओरडली, "आत्या, घावला! काळा केस घावला!"

मुक्ताबाई पिठाचे हात घेऊन धावत आली. तिनं माझ्या पाठीवरचा केस चिमटीत धरला आणि ओढला. ओढतच राहिली. लांबलचक केस होता.

"आगं येडे, ह्यो तुझा हाय," ती म्हणाली.

पोटात अन्न नाही, म्हणून संजीवनीचे केस झडायला लागले होते. दोघी माझ्या अंगाला टेकून रडल्या आणि मी शेपूटसुद्धा हलवली नाही.

एकदा तर तिनं तव्याची काजळी बोटावर आणली आणि माझ्या कपाळाला लावली. मग लगेच पदरानं पुसून टाकली. म्हणाली, "देवाला कसं फसवू?"

अशात लाळ-खुरकताची लस टोचायला जनावरांचे डॉक्टर वस्तीवर आले. लसीबरोबर कानाला भोक पाडून पिवळा बिल्ला मारतात, त्यावर आकडे असतात. माझ्या आईच्या कानात आहे. तिला मारला तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. पण डॉक्टर माझ्याकडं वळले आणि संदेश गोठ्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

"हिला न्हाय मारायचा."

"का हो संदेशराव?"

"कानाला भोक पडलं की डाग लागला. ही देवाची खूण हाय, ती बिघडवनारा मी कोन? आन् शेवटच्या दिसांत सैतानाची मानसं आकड्याचा शिक्का मारत्यात, असं शास्त्रात हाय, ते येगळंच. माझ्या दारात आकडा नगं."

"अहो, लस आहे ही, शाप नव्हे," डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "उद्या दूध केंद्रावर शिबिर आहे. मन बदललं तर घेऊन या."

संजीवनी सगळं ऐकत होती. भोक पडलं की डाग लागला, एवढंच तिनं धरलं.

दुसऱ्या दिवशी संदेश टेम्पो घेऊन गेला आणि तिनं माझं दावं सोडलं. एकीकडं देवाची खूण मोडायची, दुसरीकडं तो आकडा घरात आणायचा. दोन्ही भीती तिच्याच डोक्यावर. मुक्ताबाईला म्हणाली, "देव रागावला तर माझ्यावर रागावू दे आत्या, लेकरावर नगं." मी पाय रोवून उभी होते, तर म्हातारीनं मागून असं काही ढकललं की मी थेट रस्त्यावर.

आणि रस्त्यावर मी काय पाहिलं? आग! शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं होतं. ज्वाळा पुरुषभर उंच, धूर सगळ्या रस्त्यावर. माझी पाचावर धारण बसली. झालं, आपली राख करायलाच आणलं! मी मटकन खाली बसले. मागं उसाच्या ट्रॉल्या थांबल्या, ड्रायव्हर शिव्या द्यायला लागले. संजीवनीनं दावं ओढलं, पण अंगात ताकद कुठं होती? तीही माझ्याशेजारी डांबरावर बसली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "ऊठ गं माझी बाय. मलाबी लई भ्या वाटतंय. तू उठली तर मी उठंन."

मी उठले. काय करणार?

दूध केंद्रावर डॉक्टरांनी कानाला चिमटा लावला आणि दाबला. कट्! अशी कळ गेली की डोळ्यापुढं अंधारी आली. गरम रक्त गालावरून ओघळलं. संजीवनीनं माझं तोंड पोटाशी घट्ट धरलं होतं. तेवढ्यात तिच्या पोटात काहीतरी हललं, अगदी माझ्या नाकापाशी. तिनं श्वास रोखला. मग ते पुन्हा हललं.

आम्ही घरी पोचलो आणि थोड्याच वेळात टेम्पो आला. संदेशनं माझा कान पाहिला. हातातलं वाढं तिथंच पडलं.

"कुनी केलं ह्ये?"

"मी," संजीवनी म्हणाली.

मुक्ताबाई खराटा घेऊन दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हा हात उगारतो. पण तो माझ्यापाशी येऊन गुडघ्यांवर बसला. कानाखालच्या रक्ताला बोट लावलं. मग मान वर करून त्यानं बायकोला विचारलं, आवाज अगदी लहान झाला होता, "आता... आता थांबंल का गं समदं?"

अरे देवा! म्हणजे इतके दिवस हाही तेच मागत होता? एकाच घरात दोघं नवरा-बायको एकाच गोष्टीला भीत होते, आणि एकमेकांना एका शब्दानं बोलले नव्हते.

"ते मला ठावं न्हाय," संजीवनी म्हणाली. "पर मला भूक लागलीया."

संदेश धडपडत उठला आणि स्वतः चुलीकडं गेला. भाकरी आणि वांग्याचं कालवण घेऊन आला. ती माझ्या गव्हाणीला पाठ टेकून जेवली, आणि तो तिच्या प्रत्येक घासाकडं बघत राहिला. घास गिळताना ती रडत होती, पण गिळत होती.

आज संजीवनी बारामतीच्या दवाखान्यात आहे. तिचे दिवस भरलेत. बाळाचं वजन थोडं वाढलंय, पुरेसं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मुक्ताबाई तिच्या उशाशी आहे, संदेश बाहेर बाकड्यावर. त्यानं मोबाईल पाहणं सोडलं, असं मी म्हणणार नाही. लढाई अजून चालू आहे आणि तो प्रचारक अजून ओरडतो. शेजारीण आम्हाला वैरण टाकून गेली, पण मला ती जात नाही. फाट्यावर गाडी वळल्याचा आवाज आला की मी दावं ताणून उभी राहते. काय बातमी येतेय, कोण जाणे.

माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. जगाच्या शेवटाची गोष्ट खुशाल सांगा. शास्त्रातली गोष्ट लपवा, असं सांगणारी मी कोण? पण तोंड उघडण्याआधी समोर कोण उभं आहे ते एकदा बघा, आणि पहिल्यांदा तिला विचारा, बाई, तू जेवलीस का?