ओलं अस्वल

"अहो, इकडे या! बघा, काय निघतंय याच्या पोटातून!"

टबातलं पाणी पुन्हा काळं. कितीदा बदललं, किती साबण घातला, तरी दाबलं की याचं आपलं तेच. माझी कंबर धरली होती, गुडघे बोलायला लागले होते आणि न्हाणीघरभर ओल्या कुत्र्याचा वास सुटला होता. खेळण्यातलं अस्वल, पण चांगलं दोन-तीन वर्षांच्या पोराएवढं. कोरडं होतं तेव्हा मी ते एका हातानं उचललं होतं. आता पाणी पिऊन असं जड झालं होतं, की काखेत हात घालून ओढावं लागत होतं मेल्याला.

"चांगलं आहे की," हे दारातून म्हणाले. "डोळे दोन्ही शाबूत आहेत."

"डोळ्यांचं काय लोणचं घालायचंय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे अस्वल यांनी स्वतः जाऊन आणलं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून यांनी एकट्यानं उंबरठा ओलांडला नव्हता. जन्मभर पंप दुरुस्त केलेला माणूस, खांद्यावर मोटार घेऊन जिने चढायचा, त्याला आता उजव्या हातानं सदऱ्याचं बटण लावता येत नाही. काल दुपारी मी जरा लवंडले होते, तेवढ्यात काठी टेकत कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि हे धूड काखोटीला मारून घेऊन आले. घामानं निथळत होते, पण चेहरा असा फुललेला, की मला ओरडताच येईना. "चिंगीला," एवढंच म्हणाले.

चिंगी म्हणजे आमची नात. आज संध्याकाळी येणार होती. तिला दमा आहे, धुळीचा कणही सोसत नाही. सूनबाईनं फोनवर बजावलं होतं, "आई, स्वच्छ धुऊन अगदी खडखडीत वाळलेलं असेल तरच हं." यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. चिडायला हक्काचं कुणी सापडेना, म्हणून मी त्या अस्वलालाच बदडत होते.

अखेर पाणी जरा निवळलं. अस्वल मागच्या ओट्यावर नेऊन दोरीवर टाकलं, तर दोरीच तुटली आणि धुतलेल्या चादरी मातीत. डोकं फिरलं माझं. शेवटी त्याला उन्हात स्टुलावर बसवलं, चादरी पुन्हा भिजवल्या आणि जरा पाठ टेकायला आत गेले.

परत येते तो हे जमिनीवर बसलेले, डाव्या हातात माझी शिवणाची कात्री आणि अस्वलाच्या बुडाखालून पाण्याची धार!

"अहो, काय केलंत हे!"

"पाणी खाली साठतं. कुठलाही पंप घे, आधी तळाचं बूच काढायचं. वरून पुसत बसलीस तर वर्षभर वाळायचं नाही."

"हा पंप आहे? सांगा ना, पंप आहे हा?"

"पाणी जातंय ना?"

जात होतं, नाही कशाला म्हणू. पण पाण्याबरोबर आतला कापूसही बाहेर यायला लागला, लिबलिबीत राखाडी गोळेच्या गोळे. मला रागानं रडूच फुटलं. सकाळपासून मी राबराब राबायचं आणि या माणसानं कात्री लावायची!

"एक हात धड चालत नाही, तर गप्प बसवत नाही का तुम्हाला?"

यांनी कात्री खाली ठेवली. त्या ओघळाकडे बघत राहिले.

तेवढ्यात आत फोन वाजला. सूनबाईच होती.

"आई, आज नाही येत आम्ही. चिंगीला पुन्हा धाप लागली होती. आत्ता डॉक्टरांकडूनच आलो." मग जरा घुटमळली. "आणि आई, बाबांना लगेच सांगू नका, पण असलं केसाळ खेळणं तिच्याजवळ ठेवायचंच नाही, डॉक्टर म्हणाले. जुनं नको, नवं नको, धुतलेलंसुद्धा नको. मलाच कसंतरी होतंय हो."

"अगं, तू कशाला वाईट वाटून घेतेस? पोरीला जप," मी म्हटलं.

"कोण गं?" ओट्यावरून हाक आली. "निघाले का?"

मी बाहेर गेले. यांनी ते कापसाचे गोळे उन्हात मांडून ठेवले होते, मोटारीचे सुटे भाग मांडावेत तसे ओळीनं. मला बघून मान वर केली.

"मीच नको म्हटलं त्यांना," मी म्हणाले. "हे असलं फाटकं, ओलं ध्यान पोरीच्या हातात द्यायचं का?"

"तू नको म्हटलंस?" यांचा आवाज चढला. "मला न विचारता? अक्कल आहे का काही? ओलं तर ओलं! नुसतं बघितलं असतं पोरीनं! नातीला येऊ नको म्हणणारी आजी उभ्या जन्मात बघितली नाही मी!"

एरवी मी एका शब्दाला चार ऐकवणारी. आज सगळं ऐकून घेतलं. खाली बसले आणि अस्वलाचा एक पाय पिळायला घेतला.

बऱ्याच वेळानं यांचा राग उतरला.

"पुढच्या आठवड्यात बोलव," म्हणाले. "तोवर वाळतंय. कापूस मी भरतो, तू नुसते टाके घाल."

"बरं," मी म्हटलं.

ओट्यावरचं ऊन सरकलं होतं. मी अस्वलासकट स्टूल ओढून उन्हात नेलं.